अभ्यासिकेबाहेरचं पुणं

पासलीहून पुण्यात कॉलेजला आले तेव्हा पहिल्या महिन्यात मला चारच ठिकाणं माहीत झाली. स्वारगेट, कॉट बेसिसची खोली, मेस आणि महिन्याचे पैसे भरून मिळणारी अभ्यासिका. तुम्हीही भोर, वेल्हे, मुळशीकडचे असाल तर तुमचा नकाशा फार वेगळा नसणार.

अभ्यासिका वाईट नाही. खुर्ची, दिवा, शांतता मिळते. पण पुस्तक आपलं आपणच न्यायचं, म्हणजे जे ठरलंय तेच वाचायचं. ग्रंथालयात शोधायला जातो एक आणि शेजारच्या कपाटात सापडतं भलतंच. शिक्षण बऱ्याचदा त्या भलत्या पुस्तकातच असतं.

सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळच घ्या. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली ते सुरू झालं. मोडी कागदपत्रांचा मोठा साठा तिथे जपलाय. तोरणा-राजगडाच्या सावलीत वाढलेले आपण गडांच्या गोष्टी रील्सवर ऐकतो, पण ती गोष्ट कुठल्या कागदावर उभी आहे, हे विचारतो का?

भांडारकर संस्था १९१७ची. तिथे देशभरातली हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. ते काम १९६६ साली पूर्ण झालं, जवळजवळ पन्नास वर्षांनी! पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, म्हणजे फुले दांपत्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली त्याच वर्षीचं. केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी काचेमागे मांडलीत. आजीच्या घरातली वस्तूही इतिहास असते, हे मला तिथे कळलं. आणि विज्ञानवाल्यांनो, आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली, हे माहीत होतं?

मग आपण जात का नाही? वेळ नाही हे कारण अर्धंच खरं. उरलेलं कारण म्हणजे बुजणं. पहिल्या वर्षी एका ग्रंथालयाच्या दारात मला विचारलं, "काय काम आहे?" मला उत्तर सुचलं नाही. मी परत फिरले, ती दोन वर्षांनी पुन्हा गेले. ती दोन वर्षं फुकट गेली याचं आजही वाईट वाटतं. "वाचायचंय" एवढं उत्तर पुरेसं होतं.

म्हणून कॉलेजांना एक सांगणं आहे. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात नुसती नियमावली वाचून दाखवू नका. मुलांना एका ग्रंथालयात न्या, कार्डावर पुस्तक कसं शोधायचं ते दाखवा. शहरातल्या मुलांना हे घरातून कळतं, गावाकडच्यांना कोणीतरी सांगावं लागतं. फरक हुशारीचा नसतो, ओळखीचा असतो.

आणि तुम्हाला? येत्या शनिवारी एकच ठिकाण निवडा. वेळा आणि नियम आधी फोन करून विचारा, कॉलेजचं आयकार्ड जवळ ठेवा. जमलं तर गावाकडून नवीन आलेल्या एखाद्या ज्युनिअरला सोबत घ्या. दारात कोणी काम विचारलं, तर दोघांच्या वतीने उत्तर तुम्ही द्या.