तेलवाले, डबेवाले आणि घरचं मेण

नाशकात गंगापूर रोडने पहाटे धरणाकडे सायकल हाणणाऱ्यांत चेनवरून दोन तट आहेत. तेलवाल्यांच्या मते चेन मेणात बुडवणं हे पैसेवाल्यांचे चोचले. परदेशी मेणाचे डबे मागवणाऱ्यांना घरी मेण वितळवणारा कवडीचुंबक वाटतो. मला दोघेही मान्य नाहीत.

तेलवाले सांगतात, रोज फडकं मारतो, दोन थेंब सोडतो, चेन चकचकीत राहते. राहते, पण बाहेरून. चेन झिजते ती पिन आणि रोलरच्या आत, जिथे फडकं पोचत नाही. ओल्या तेलाला धूळ चिकटते, आत शिरते आणि तिथे काळी लुगदी होऊन कानशीसारखी लोखंड खाते. पॅराफिनचं मेण गार झालं की कोरडं. चेनला हात लावा, बोट काळं होत नाही. तरीही शंका असेल तर आपल्या चेनवर पट्टी धरावी. बारा इंचांत एक सोळांश इंच वाढ दिसली की चेन गेली. तीच रेटली तर मागच्या चाकावरची महागडी कॅसेटही जाते.

चोचल्यांचं म्हणाल, तर इथल्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली, त्यानंतर नाशकात भारी सायकली वाढल्या आणि मागोमाग चेनला लावायच्या भारी बाटल्याही आल्या, हे खरं. पण मेण म्हणजे चोचलेच असं नाही: बर्फाळ मुलखात कित्येक जण घरच्या जुन्या इस्त्रीनेच स्कीला मेण लावतात. किलोभर पॅराफिनच्या लादीत कितीतरी वेळा चेन बुडते.

डबेवाल्यांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे: कुठलीही मेणबत्ती चालत नाही. तिच्यात रंग, सुगंध, कडकपणासाठी स्टिअरिक आम्ल असू शकतं. साधं शुद्ध पॅराफिनच घ्यावं. ते साठ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला की भागतं. थेट गॅसवर ठेवणारा आग लावून घेईल. खरी मेहनत त्याआधीची. नव्या चेनचं ग्रीस टर्पेंटाइनने, मग स्पिरिटने पार काढायचं, तेही गॅसपासून लांब, गॅलरीत. ग्रीस राहिलं तर मेण धरत नाही. सुकलेली चेन मेणात बुडबुडे थांबेपर्यंत हलवायची, टांगायची. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते. एकेक कडी वाकवून मोकळी करावी लागते. सुरुवातीला पांढरे कण गळतात, त्याने घाबरू नये. आणि ते पातेलं स्वयंपाकघरात परत येणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवावं.

पावसाळ्यात तेलवाल्यांचं खरं. जुलैत त्र्यंबककडून भिजून आलेली मेणाची चेन न पुसता ठेवली तर सकाळी तांबूस झालेली असते. ते चार महिने मीही तेलच घालतो. पण तेवढ्यासाठी उरलेले आठ महिने धूळ दळत बसायची, हे कुठलं शहाणपण? ते तेल धुवायला दसऱ्याला टर्पेंटाइन पुन्हा बाहेर काढावं लागतं, एवढा त्रास कबूल.