गोळ्या का सोडल्या?

कापूस वेचणीचे दिवस होते. जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा मानसिक आजारांची ओपीडी भरायची. जिल्ह्याहून डॉक्टर यायचे. मी बाहेरच्या टेबलावर केसपेपर, वजन, बीपी आणि गोळ्यांची विचारपूस करायला बसायचे. त्या दिवशी एका पोराला चुलत्यानं आणि भावकीतल्या दोघांनी धरून आणलं. मनगटांवर सुतळीचे वळ होते, डोळे तांबडे. वर्षभर हाच पोरगा रांगेत शांत उभा राहून गोळ्या नेत होता. मोसंबीच्या बागेला पाणी देत होता. मधे त्याचं लग्न झालं, तेव्हा याच टेबलावर त्यानं मला पेढा दिला होता. मग तीन महिने तो आलाच नाही. आला तो असा.

"गोळ्या का सोडल्यास रे?" मी चार माणसांसमोर विचारलं, तेही रागावून. तो बोलला नाही. मी केसपेपरवर लिहिलं, "औषधात अनियमित."

थोड्या वेळानं औषधाच्या खिडकीपाशी त्याची बायको माझ्या मागं आली. पदर तोंडावर धरून म्हणाली, "सिस्टर, त्यांना नका बोलू. गोळ्या मीच फेकल्या. लग्नाला आठ महिने झाले, हे नुसते पाठ करून झोपतेत. मला वाटलं माह्यातच काही खोट हाय. मग जाऊबाई म्हणाल्या, त्या गोळ्यांनीच माणूस थंड झाला." मधल्या काळात घरच्यांनी तंबूतल्या वैदूकडून ताकदीच्या पुड्याही आणल्या होत्या. गोळ्या बंद झाल्या, पुड्या चालू झाल्या आणि दीड महिन्यात पोराला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले.

मी त्याला वर्षभर दर महिन्याला भेटत होते. झोप विचारली, भूक विचारली, हात थरथरतात का विचारलं. लग्नाचा पेढा खाल्ला. पण लग्नानंतर कसं चाललंय, हे एकदाही विचारलं नाही. चूक त्या मुलीची नव्हती. माझी होती. आज निवृत्तीनंतर हा लेख लिहिते आहे तो एवढ्याचसाठी, की मानसिक आजाराच्या माणसाला त्याच्या शरीरसंबंधाबद्दल विचारणं हे नर्सचं काम आहे. ते चावटपणाचं काम नाही आणि जादाचंही नाही. बीपी बघण्याइतकंच ते रोजचं काम आहे.

यामागचं कारण साधं आहे. रिस्पेरिडोनसारखी गोळी मेंदूतल्या डोपामिनला आवर घालते, त्यानं भास आणि संशय कमी होतात. पण हेच डोपामिन प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाला लगाम घालत असतं. लगाम ढिला झाला की प्रोलॅक्टिन वाढतं. पुरुषाची इच्छा मंदावते, ताठरता राहत नाही. बाईची पाळी थांबते, कधी बाळ नसताना छातीतून दूध येतं. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम या गोळ्यांनीही अनेकांची इच्छा कमी होते, वीर्यपतनाला फार वेळ लागतो. हा त्रास सगळ्यांना होतो असं नाही, आणि प्रत्येक वेळी दोष गोळीचाच असतो असंही नाही. नैराश्य स्वतःच इच्छा खाऊन टाकतं, मधुमेह आणि दारू आपापला वाटा उचलतात. पण ज्याला होतो त्याच्यासाठी उपाय असतो. डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात, प्रोलॅक्टिन तपासून घेतात. मात्र डॉक्टरांना कळलं तरच. मनानं गोळी बंद करणं हा उपाय नाही, त्यात आजार उलटतो. त्या पोराची गोळी डॉक्टरांनी बदलली, तेव्हा कुठं ही गोष्ट पहिल्यांदा त्याच्या केसपेपरवर आली.

पाळी थांबलेल्या एका बाईची आठवण अजून टोचते. नवरा ऊसतोडीला गेलेला. छातीला दूध येतंय हे नणंदेनं पाहिलं आणि घरात कुजबूज सुरू झाली. त्या बाईला आपल्याला काय होतंय तेच कळत नव्हतं, आणि सासू तिला मारत होती. लघवीची तपासणी केली, गरोदर नव्हती. मी सासूला गोळीचं पाकीट दाखवून सांगितलं, "मावशी, हे दूध या गोळीचं आहे." सासू बराच वेळ त्या पाकिटाकडं बघत राहिली. गोळी सुरू करताना हेच वाक्य कोणी बोललं असतं, तर त्या बाईच्या पाठीवरचे वळ टळले असते.

ओपीडीत दुसरा ढीग असतो तो "धातू जातो" म्हणणाऱ्यांचा. रोलिंग मिलमधली बिहारची, उत्तर प्रदेशची पोरं असोत की आपली मंठा-परतूरची, तक्रार एकच: लघवीवाटे धातू, म्हणजे वीर्य, जातो, अंगातलं बळ गेलं, कामात मन लागत नाही. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या तक्रारीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. यातल्या अनेकांच्या मागं चिंता आणि नैराश्य असतं. पण एसटी स्टँडच्या मुतारीवर रंगवलेल्या ताकदीच्या औषधांच्या जाहिराती त्यांच्यापर्यंत आमच्या आधी पोचतात. महिन्याचा पगार त्या औषधांत जातो. या पोरांना हसणारे आमच्यातही आहेत, आणि एकदा हसलं की ते पोरगं परत दवाखान्याची पायरी चढत नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्याला आता शंभर वर्षं होत आली. आणि आमच्या नर्सिंगच्या वर्गात काय होतं? बी.एस्सी. नर्सिंगच्या मानसिक आरोग्य परिचर्येत व्यक्तिमत्त्वाचे आणि लैंगिक विकार यांवर प्रकरण आहे. परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ होतात. पण समोर माणूस बसल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. नव्या मुली भेटतात, त्याही तेच सांगतात.

पहिलं वाक्य मी चुकत-माकत शिकले. पुस्तकातले 'समागम', 'लैंगिक कार्य' हे शब्द चालत नाहीत. मी म्हणायचे, "या गोळ्यांनी काही जणांच्या नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते. तुम्हाला तसं काही जाणवतं का?" 'काही जणांच्या' हे शब्द फार महत्त्वाचे. त्यानं माणसाला कळतं की आपण एकटे नाही. नंतर वाचनात आलं की जॅक ॲनन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७६ साली अशा बोलण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. बोलायची परवानगी देणं, थोडी माहिती देणं, नेमका सल्ला देणं आणि शेवटी तज्ज्ञाकडचे उपचार. पहिल्या दोन पायऱ्या नर्स सहज चढू शकते. बऱ्याच लोकांचं तेवढ्यावरच भागतं.

पण सोबतचा चुलता बाजूला उभा असताना कोण बोलेल? मी चुलत्यांना केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवायचे. शिक्क्याची खिडकी लांब होती. तेवढी पाच-सात मिनिटं माझी.

वॉर्डातली गोष्ट वेगळी. उन्मादात माणसाची लैंगिक इच्छा उसळते, भान सुटतं. चांगल्या घरची बाई अंगावरचे कपडे काढते, वडीलधारा माणूस नर्सचा हात धरतो. नातेवाईक लाजेनं मारायला धावतात. अशा वेळी आधी चादर, मग शांत आणि ठाम आवाज: "हात सोडा. मी इथंच आहे." तो आजार आहे हे मान्य करूनही नर्सनं ते सोसलंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीला एकटी मुलगी ठेवू नका, हाकेच्या अंतरावर ब्रदर हवा. आणि बरं वाटल्यावर त्या बाईला वॉर्डात कोणी ती गोष्ट ऐकवायची नाही. तिला त्यातलं बरंच आठवत असतं.

मनानं दुबळ्या माणसाच्या शरीराचं काय करायचं हे इतरांनीच ठरवायचं, ही खोड जुनी आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणं अवघड जातं, हे कारण. तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी घातली, रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी घातली, आणि त्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला. तो हक्क माझ्या त्या बाहेरच्या टेबलावर दर ओपीडीला मोडत होता.

कधी आई-बाप पोराला घेऊन येतात, "याला पोरी आवडत नाहीत, सुधरवा." पोरी न आवडणं याला आजार म्हणत नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना बाहेर काढलं. पण आमच्याकडं असा मुलगा पोचतो तो मरायचा विचार मनात घेऊनच. त्याची ती निराशा हा आजार, आणि उपचार तिच्यावर करायचा. हा फरक टेबलावरच्या नर्सला कळला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लैंगिक अडचणी मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या वेगळ्या प्रकरणात ठेवल्या. मन आणि शरीर अशी वाटणी त्यात चालत नाही, म्हणून.

ज्यांना समोर बसून बोलणं जमत नाही, त्यांनी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर लावावा. तोंड दिसत नाही, त्यामुळं जीभ सुटते.

पण ज्यांचं फोनवर भागत नाही, त्यांना रुग्णालय लागतं. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. मराठवाड्यात एकही नाही. आमचे रुग्ण जवळजवळ तीनशे किलोमीटरवर येरवड्याला न्यायचे, तर अर्धे घरचे वाटेतच खचायचे. जालन्यासाठी ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर झालं, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. त्याच्या उभारणीत ज्यांचा हात आहे, त्यांच्याकडं माझं मागणं आहे. तिथं मनोविकार परिचर्येची पदविका घेतलेल्या नर्स नेमा, आणि पुरुष रुग्णांसाठी पुरेसे ब्रदर. केसपेपरवर झोप आणि भूक यांच्या खाली संबंध आणि पाळी असे दोन रकाने छापा. ओपीडीत औषधाच्या खिडकीपासून लांब एक खोली ठेवा, दोन खुर्च्यांची. दाराला डोक्याच्या उंचीवर काच असू द्या, म्हणजे बाहेरच्या सिस्टरला आत बसलेली दोघं दिसतील. आतून कडी नको. आवाज मात्र बाहेर येता कामा नये.