केसपेपरवरचा आकडा पुढे का गेला नाही?

2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी, शेतमजूर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात एकामागून एक दाखल होत होते. रुग्ण जुलैपासून येत होते. राज्यभर ओरड झाली ती सप्टेंबर संपता संपता. जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा जीव गेला. प्रत्येकाच्या केसपेपरवर नाव, गाव, तारीख होती. पण कोणत्या तालुक्यातून या आठवड्यात किती आले, ही बेरीज वेळेत कोणाला हलवू शकली नाही. विष शरीरात किती भिनले याचा अंदाज देणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणीही तेव्हा तिथे होत नव्हती.

आरोग्य खात्यात नवे सॉफ्टवेअर आल्याची बातमी वाचली की हे आठवते. ॲपची आपल्याकडे वानवा नाही. क्षयरोगासाठी निक्षय आहे, दूरस्थ सल्ल्यासाठी ई-संजीवनी, अंगणवाडीसाठी पोषण ट्रॅकर. वानवा आहे ती नोंद करणाऱ्या बाईला त्या नोंदीतून काही परत मिळण्याची. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन तापतात, मेमरी पुरत नाही, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी आणि ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. ‘सेविकांना तंत्रज्ञान नको आहे’ असा अर्थ त्यातून काढणे सोयीचे होते, खरे नव्हते. मराठी ॲप आणि चालणारा फोन मागणाऱ्याला तंत्रज्ञानाचा शत्रू कसे म्हणायचे?

मोठ्या रुग्णालयांची गत वेगळी नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील संगणकीय रुग्णनोंदणी जुलै 2022 मध्ये कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि डॉक्टर पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागले. उद्घाटनाची फीत कापायला सगळे असतात. देखभालीचा पैसा कुठून येणार आणि कंपनी गेली तर माहिती कोणाकडे राहणार, हे मात्र करारावर सही करतानाच ठरायला हवे.

यवतमाळसाठी छोटा प्रकल्पही पुरेल. फवारणीच्या हंगामात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने रोज दोन आकडे कळवावेत: विषबाधेचे रुग्ण किती, ॲट्रोपिन किती शिल्लक. झरी जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावर रेंज नसेल, तर नोंद फोनमध्ये साठून नंतर जावी. जिल्ह्याने त्याच दिवशी उत्तर द्यावे: औषध निघाले का, आणि कोणत्या कीटकनाशकाबद्दल कोणत्या गावांना सावध करायचे. कृषी विभागालाही तो आकडा दिसला पाहिजे, नाहीतर फवारणी चालूच राहील. प्रकल्पाचे यश मात्र किती नोंदी भरल्या यावर मोजू नये. पहिला रुग्ण आल्यापासून गावात दवंडी पिटेपर्यंत किती दिवस गेले, ते मोजावे. 2017 मध्ये ते अंतर महिन्यांत मोजावे लागले होते.