तोरणमाळला आणखी एक पॉइंट नको

थंड हवेच्या ठिकाणाचा विकास म्हटला की आपल्याकडे ठरलेली यादी पुढे येते. घाटरस्ता रुंद करा, तलावात बोटी सोडा, कड्यावर रेलिंग ठोकून नवा पॉइंट काढा, आणि पैसा उरलाच तर काचेचा स्कायवॉक. सातपुड्यात साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेल्या तोरणमाळलाही याच यादीतून पाहिले जाते. शहाद्याहून निघालेली गाडी सात पायरीचा घाट चढून यशवंत तलावापाशी थांबते, सीताखाईत डोकावून होते, फोटो निघतात आणि संध्याकाळच्या आत गाडी खाली उतरते. अशा पर्यटनातून डोंगरावर चहाचे चार पैसे आणि प्लास्टिकच्या बाटल्या उरतात, बाकीचा खर्च पायथ्याशीच होतो. म्हणून तोरणमाळ ज्यात येते त्या अक्राणी तालुक्याला, म्हणजे धडगावच्या मुलखाला, पर्यटनासाठी काही करायचेच असेल तर पहिला मान एका साध्या गोष्टीला मिळायला हवा: जंगलातून फिरवून जिथून निघालो तिथेच परत आणणारी, तीन-चार तासांची, मध्यम चढउताराची, खुणा केलेली पायवाट. ती चालवायची ग्रामसभेने.

महाराष्ट्रात डोंगर चालणाऱ्यांची कमतरता नाही, पण आपले चालणे गडांशी आणि शिखरांशी बांधलेले आहे. हरिश्चंद्रगड, राजगड, कळसूबाई: माथा गाठला तर सार्थक, नाहीतर फुकट गेले. एका टोकाला दोराचे आणि दमछाकीचे ट्रेक, दुसऱ्या टोकाला गाडीतून उतरून दहा पावलांवरचा पॉइंट. मधली जागा जवळपास रिकामी आहे. साठी ओलांडलेली आजी आणि दहा वर्षांचा नातू बरोबर चालू शकतील, वाट चुकणार नाही आणि किती चढ आहे ते आधी कळेल, अशी सोय मोजक्याच ठिकाणी दिसते. स्वित्झर्लंडने 1979 साली जनमत घेऊन पायवाटांचा विषय थेट राज्यघटनेत घातला. तिथे साध्या वाटेला पिवळी खूण, डोंगरवाटेला पांढरी-लाल-पांढरी, आणि अवघड उंच वाटेला पांढरी-निळी-पांढरी. खर्च रंगाच्या डब्याचा आणि वर्षाकाठच्या देखभालीचा. श्रीमंत देशाचे उदाहरण आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण या गोष्टीला श्रीमंती लागत नाही, हेच तर त्यातले घेण्यासारखे आहे.

शिवाय धडगावला चालणारा पाहुणा नवा नाही. नर्मदा परिक्रमेची दक्षिण तटावरची वाट शूलपाणीच्या झाडीतून, याच मुलखातून जाते. परिक्रमावासीयांना इथे लुटले जाई, अशा कथा मराठी वाचकांनी भरपूर वाचल्या आहेत. त्याच भागातल्या पाड्यांवर आज त्यांना जेवण आणि निवारा मिळतो, याची चर्चा मात्र कमी होते. सरदार सरोवराच्या पाण्याने काठच्या जुन्या वाटा बुडवल्या, तरी चालणारे थांबले नाहीत, वरच्या अंगाने जाऊ लागले. दुसरा दाखला अस्तंभ्याचा. धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या या शिखरावर महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून हजारो भाविक रात्रीतून डोंगर तुडवत चढतात. म्हणजे वाटा आहेत, चालण्याची परंपरा आहे, पाहुण्याला भाकर घालण्याची रीतही आहे. अडचण एवढीच की यात्रा दोन-तीन दिवसांची आणि परिक्रमावासी पुढच्या मुक्कामाच्या ओढीने निघून जाणारा. गावात थांबून गावाभोवती फिरणारा माणूस या दोन्हींत बसत नाही.

तो कधी येईल, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात धबधब्यासाठी गर्दी होते, पण निसरड्या कड्यांवर नवख्या माणसाला चालवणे शहाणपणाचे नाही. सातपुड्यात चालण्याचे खरे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि मोहाची फुले गळू लागेपर्यंत चालतात. याच महिन्यांत धडगावचे पाडे ओस पडतात. खरिपाचे पीक हाती आले की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातकडे निघतात, पोरांची शाळा सुटते आणि होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या वेळेला, माणसे परततात. चालणाऱ्यांचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच असावा, हा योगायोग धोरण आखणाऱ्यांनी हेरायला हवा होता. वाटाड्याची रोजी, घरगुती जेवण, मुक्कामाची खोली, आमचूर आणि चारोळीची थेट विक्री यांतून स्थलांतर थांबणार नाही. तसे सांगणे ही फसवणूक होईल. पण एका वाटेवर वीस-पंचवीस घरांचा हिवाळा गावात गेला, तर तेवढ्या घरांतली मुले शाळेत राहतील.

यावरचा सर्वांत बोचरा आक्षेप शहरी वाचकाला सुचणार नाही, धडगावच्या माणसाला सुचेल. जिथे रस्ता नसल्याने बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून, 'बांबूलन्स'मधून, दवाखान्यात न्यावे लागते, तिथे पायी हिंडण्याच्या हौसेसाठी वाटा रंगवायच्या? हा राग रास्त आहे आणि त्याला तोंडदेखले उत्तर देऊन चालणार नाही. प्रत्येक पाड्याला बारमाही रस्ता मिळालाच पाहिजे आणि तो पर्यटनाच्या आधी मिळाला पाहिजे. मात्र त्या रस्त्याचा निधी आणि वाटेचा निधी यांच्यात झगडा नाही. झगडा आहे तो पाड्याचा रस्ता आणि पॉइंटकडे जाणारा रस्ता यांच्यात. पर्यटनाच्या नावाने निघालेले डांबर कड्यापर्यंत पोचते आणि पाडा बाजूला राहतो. पायवाटेच्या पर्यटनाला नवे डांबर लागतच नाही, ही तिची जमेची बाजू.

दुसरा आक्षेप गर्दीचा. लोणावळ्याचे पावसाळी शनिवार-रविवार ज्यांनी पाहिले, त्यांना सातपुड्याची तीच गत होईल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच वाट कोणाची, हे आधी ठरले पाहिजे. 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठारावर दिवसाला किती माणसे सोडायची याला मर्यादा घातली गेली, शुल्क लागले आणि आसपासच्या गावांची समिती व्यवस्थेत आली. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, पण दाराशी कोणी उभे असले की फरक पडतो. त्याहून जवळचा धडा साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचा. तिथल्या आदिवासी गावाने स्वतः नियम करून शेकडो हेक्टर जंगल राखले, वनभाज्यांच्या स्पर्धेला बाहेरची माणसे येतात ती गावाच्या अटींवर, आणि त्या कामासाठी गावाच्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. कायद्याचा आधारही आहेच: अक्राणी अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या राखणीचा आणि व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. वनखात्याला वगळून काही होणार नाही, पण ठेकेदाराला वगळून होऊ शकते. तिकिटाचा ठेका एकदा बाहेरच्याला गेला, की पावरा आणि भिल कुटुंबांच्या वाट्याला पार्किंगच्या शिट्ट्या तेवढ्या येतील.

तेव्हा नंदुरबार जिल्हा प्रशासनाला एकच विनंती. तोरणमाळसाठी पुढचा आराखडा करताना एका नव्या पॉइंटचा खर्च बाजूला काढा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवा. वाट कुठून न्यायची, देवाची जागा कोणती टाळायची, दिवसाला किती पाहुणे घ्यायचे आणि किती महिने वाट बंद ठेवायची, हे ग्रामसभेलाच ठरवू द्या. आणि ग्रामसभा नको म्हणाली, तर तो निधी पाड्याच्या रस्त्याला द्या.