साखरेऐवजी गूळ, मध की स्टीव्हिया? ‘नैसर्गिक’ गोडव्यात नेमकं काय असतं?

‘साखर सोडा, नैसर्गिक गोड खा,’ असं सांगणारी रील्स तुम्हीही पाहिली असतील. कुणी चहात गूळ घालायला सांगतं, कुणी मध, कुणी खजूर, तर कुणी स्टीव्हियाचे थेंब. हे सगळे पदार्थ ‘नैसर्गिक’ या एकाच नावाखाली सांगितले जातात, पण शरीरात गेल्यावर त्यांचं काम अगदी वेगवेगळं असतं.

इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे हा फरक समजून घेणं गरजेचं आहे.

गूळ आणि मध : साखरच, फक्त रूप वेगळं

साखर आणि गूळ दोन्ही उसाच्या रसापासून बनतात. गुळावर कमी प्रक्रिया होते, त्यामुळे त्यात थोडी खनिजं उरतात. पण त्याचा मुख्य घटक सुक्रोज, म्हणजे साखरच असते. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी असतात, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. चमचाभर गुळातून मिळणारं लोह फारच थोडं असतं. मधात प्रामुख्याने फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असतं.

म्हणून मधुमेह असलेल्या व्यक्तीने साखरेचा चहा बंद करून गुळाचा सुरू केला, तर रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. उलट ‘गुळाचाच तर आहे’ म्हणून दोन कप जास्त होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या साखरेबद्दलच्या मर्यादेत मधातली साखरही मोजली जाते. ही मर्यादा रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे प्रौढांसाठी साधारण ५० ग्रॅम आहे. शक्य असल्यास ती २५ ग्रॅमवर आणावी, असं संघटना सुचवते.

मग स्टीव्हिया वेगळं कसं?

स्टीव्हिया हे मूळचं पराग्वे आणि ब्राझीलच्या भागातलं झुडूप. तिथले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची पानं पेयं गोड करायला वापरत आले आहेत. पानांतली ‘स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्स’ ही द्रव्यं साखरेपेक्षा साधारण २०० ते ३०० पट गोड असतात. जिभेला गोडवा जाणवतो, पण शरीर त्यातून ऊर्जा घेत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचं विघटन करतात आणि शेवटी ती लघवीवाटे बाहेर पडतात. त्यामुळे शुद्ध स्टीव्हियाने रक्तातली साखर वाढत नाही.

भारतात एफएसएसएआयने २०१५ मध्ये काही खाद्यपदार्थांत स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड वापरायला परवानगी दिली. सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मिलिग्रॅम स्टीव्हिऑल एवढी आहे. दिवसातून चार-पाच कप चहा स्टीव्हिया घालून प्यायला तरी सहसा ती ओलांडली जात नाही.

पाकिटात फक्त स्टीव्हिया असतं का?

अनेकदा नाही. स्टीव्हिया इतकं गोड असतं की एका कपाला चिमूटही जास्त होते. म्हणून चमच्याने मोजता यावं यासाठी त्यात दुसरा पदार्थ मिसळतात. तो बहुतेक वेळा एरिथ्रिटॉल असतो, कधी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज. यातले शेवटचे दोन रक्तातली साखर वाढवतात.

एरिथ्रिटॉल साखर वाढवत नाही. पण अमेरिका आणि युरोपातल्या ४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्ताचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं, त्यांच्यात हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून एरिथ्रिटॉलमुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही. यातल्या बऱ्याच लोकांना हृदयविकाराचा धोका आधीपासून होता आणि आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं. पण रोज मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

म्हणून पाकिटाच्या पुढच्या बाजूवरचं हिरवं पान पाहून थांबू नका, मागची घटकांची यादी वाचा. आयएनएस ९६० म्हणजे स्टीव्हिया, ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल आणि ९५५ म्हणजे सुक्रालोज. यादीत जे प्रमाणाने जास्त, ते आधी लिहिलेलं असतं.

वजन कमी होतं का?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेला पर्याय म्हणून असे गोड पदार्थ वापरू नका, असा सल्ला दिला. त्यात स्टीव्हियाही आहे. कमी कालावधीच्या प्रयोगांत वजन थोडं घटलेलं दिसलं, पण दीर्घकाळ फायदा होतो याचा पुरावा मिळाला नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना मात्र हा सल्ला लागू नाही. त्यांनी काय वापरायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

घरात साखर ठेवायची की नाही?

मधुमेहाची काही औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. अशा वेळी स्टीव्हियाचा काहीही उपयोग होत नाही. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं लागतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता तातडीने दवाखाना गाठावा. त्यामुळे ‘आमच्याकडे साखर येतच नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या घरातही, कुणी अशी औषधं घेत असेल तर साखरेचा एक छोटा डबा हाताशी हवा.

बाकीच्यांसाठी सोपा उपाय म्हणजे चहातली साखर दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करणं. जिभेला हळूहळू कमी गोडाची सवय होते. त्यासाठी कुठलंही महागडं पाकीट विकत आणावं लागत नाही.