तोच बिघाड तिसऱ्यांदा? पार्ट बदलू नका, निदानाचे पैसे द्या



गाडीवर धंदा करणाऱ्या नव्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गाडी जुनी आहे, दर महिन्याला गॅरेजला उभी असते. काढून टाकू आणि लोनवर नवीन घेऊ का?" माझं उत्तर बहुतेक वेळा "थांबा" असंच असतं. गाडी जुनी आहे म्हणून त्रास देते हे अर्धंच खरं. तिचं नीट निदान कधी कुणी केलेलंच नाही, हे उरलेलं अर्धं.

आपल्या जालना जिल्ह्यात बघा ना. अंबड-घनसावंगीकडची मोसंबी, गावोगावचं दूध, किराणा, मंडपाचं सामान, केटरिंगची भांडी, हे सगळं कशात फिरतं? दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली बोलेरो, ईको, नाहीतर छोटा हत्ती. टाटा एस 2005 साली आली, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या गाड्या आता वीस वर्षांच्या घरात आहेत. आणि चालतायत! पण तुमच्याकडे एकच गाडी असते आणि ती ऐन हंगामात बंद पडली की दुरुस्तीचं बिल हा सगळ्यात छोटा खर्च असतो. ज्या व्यापाऱ्याला माल वेळेवर मिळाला नाही, तो पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. तो खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही.

आता दुरुस्ती कशी होते ते पाहू. आपण मिस्त्रीला पार्ट बसवायचे पैसे देतो. बघायचे देत नाही. "नुसतं बघितलं तर त्याचे कसले पैसे?" असं आपणच म्हणतो. मग तो बिचारा काय करणार? अनुभवाने जो पार्ट गेला असावा असं वाटतं, तो बदलतो. अंदाज बरोबर निघाला तर ठीक, नाहीतर महिन्याभरात तुम्ही परत दारात. यात मिस्त्रीची लबाडी असतेच असं नाही. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कुणीच मन लावून करत नाही, तुम्हीसुद्धा नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला की मिस्त्रीला सांगायचं, "भाऊ, आज काहीच बदलू नका. दोन तास गाडी तपासा, तपासायचे पैसे वेगळे देतो. फक्त पार्ट का जातोय ते सांगा."

गाडी गरम होण्याचंच उदाहरण घ्या. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की आपल्याकडे ही तक्रार घरोघरी. लोक रेडिएटर बदलतात, मग वॉटर पंप, मग होजपाइप, तरी काटा वरच. पहिला प्रश्न पार्टचा नाहीच. पहिला प्रश्न हा, की गाडी गरम *कधी* होते? मोंढ्यात माल भरताना, गर्दीत उभी असताना गरम होते आणि रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर आधी हवा तपासा. फॅन, त्याचा बेल्ट किंवा मोटार, त्याचा स्विच. उलट गावात एकदम ठीक, पण समृद्धी महामार्गावर लोड घेऊन शंभरने निघालात की काटा चढतो, तर फॅनला दोष देऊन उपयोग नाही. त्या वेगात समोरून वारा भरपूर मिळतो. तिथे रेडिएटर आतून चोकअप आहे किंवा पाणी पुरेसं फिरत नाही, असा संशय घ्यायचा. एकाच तक्रारीचे हे दोन वेगळे आजार आहेत, आणि प्रश्न विचारायला एक रुपयाही लागत नाही.

रेडिएटर आतून चोकअप का होतो? आपण त्यात बोअरचं पाणी ओततो म्हणून. घरच्या हिटरवर, माठाच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नवीन रेडिएटर टाकला आणि पुन्हा बोअरचंच पाणी भरलं, तर तुम्ही पुढच्या बिघाडाची ऑर्डर आजच दिली म्हणायची. कूलंट वापरा. त्यात मिसळायला पाणी लागलं तर बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या.

झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली की दाब जातो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. पार्ट अगदी स्वस्तातला, पण त्याच्यापायी हेड गॅस्केटपर्यंत काम गेलेल्या गाड्या असतात. (इंजिन गरम असताना हे झाकण कधीही उघडू नका, तोंड भाजतं.) आणि "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे कुठं थंडी आहे" हा सल्ला मला बिलकुल पटत नाही. इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते, आणि खरं कारण तसंच राहतं. बाहेर कुठेही गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतंय, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय, तर मात्र गाडी चालवणं थांबवा आणि हेड गॅस्केट तपासून घ्या. तसंच रेटलं तर हेड वाकतं, आणि मग खर्चाचा आकडा पार बदलतो.

बॅटरीचंही तेच. वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या तर दोष बॅटरीत असण्याची शक्यता कमी. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि तो गाडीतच ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या आसपास दिसायला हवेत. चालू इंजिनवर आकडा वाढतच नसेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि अर्थिंगची गंजलेली पट्टी बघा. चार्जिंग बरोबर असूनही सकाळी बॅटरी झोपलेली असेल तर रात्री कुणीतरी करंट खातंय. बहुधा तुम्हीच हौसेने डायरेक्ट जोडलेला म्युझिक सिस्टिम किंवा एलईडी पट्टा.

स्कॅनर लावला की निदान झालं, असाही एक समज आहे. स्कॅनरचा कोड कुठे बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते सांगत नाही. डिझेलचा दाब कमी असल्याचा कोड आला म्हणून महागडा सेन्सर बदलायचा, आणि दोष निघतो चोकअप झालेल्या डिझेल फिल्टरमध्ये!

तुमच्या बाजूने एक काम करायचंय: गाडीची वही. तारीख, किलोमीटर, काय झालं, गाडी थंड होती की गरम, लोड होता की रिकामी, काय बदललं, किती पैसे गेले. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि बघा, तो कसा झिजलाय यावरून कारण कळतं. एका वेळी तीन पार्ट बदलू देऊ नका, नाहीतर गुण कशाने आला हे कुणालाच कळणार नाही.

आता पैशाचं बोलू. समजा सहा लाखांचं लोन, 11 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण 13 हजार, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या वर. जुन्या गाडीचा दुरुस्ती खर्च महिन्याला 5 हजार धरा, वर्षाचे 60 हजार. वर्षात 18 दिवस गाडी बंद आणि रोजचं निव्वळ नुकसान दीड हजार धरलं तर आणखी 27 हजार. एकूण 87 हजार. तरीही जुनी स्वस्त पडते. तुमचे स्वतःचे आकडे टाका, उत्तर वेगळं येऊ शकतं. आणि वहीत नीट बघा, त्या 60 हजारांतले किती परत परत त्याच कामावर गेले. टायर, ब्रेक, क्लच प्लेट यांची झीज होणारच, तो खर्च नव्या गाडीलाही आज ना उद्या आहे. त्याच त्या दुरुस्तीचे पैसे मात्र वाचू शकतात.

काही गाड्या काढाव्याच लागतात. चेसिस गंजून सडली, इंजिन ऑइल खायला लागलं आणि इंजिन बांधायचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ गेला, पार्ट मिळेनासे झाले, तर जीव गुंतवू नका. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत तर हिशोबच मांडायचा नाही. आधी दुरुस्ती, मग पहिलं भाडं.

आणि ज्यांना गॅरेज टाकायचंय त्यांच्यासाठी. जालन्यातून समृद्धी जाते, एमआयडीसीत गाड्यांची वर्दळ आहे, पार्ट बदलून देणारे खूप आहेत. तुम्ही निदान विका. बोर्डावर तपासणी फी ठळक लिहा. पहिले सहा महिने लोक कुरकुर करतील, करू द्या. फी घेतली की ग्राहकाच्या हातात एक कागद द्या: काय काय तपासलं, काय ठीक निघालं, दोष कुठे आहे आणि तो का झाला. त्याला तो कागद घेऊन दुसऱ्या गॅरेजला जायचं असेल, तर हसत जाऊ द्या.