अबू सिंबेल आणि दोन तासांचे यात्रेकरू

हल्लीं आमच्या वर्गांतील कुटुंबांत मिसर देशाची सफर ठरविण्याची मोठी हौस उत्पन्न झाली आहे, व ती हौस स्तुत्यच आहे. ज्यांच्या वाडवडिलांची प्रवासाची मजल काशी-रामेश्वरापलीकडे क्वचितच गेली, त्यांनीं नाईलचा काठ पाहण्याची इच्छा धरावी, यांत वावगें कांहींच नाहीं. आमची तक्रार इच्छेविषयीं नसून ती पुरी करण्याच्या रीतीविषयीं आहे. नुकतेंच एका स्नेह्यांनीं आपल्या ठरलेल्या सफरीचें पत्रक मोठ्या अभिमानानें आमच्यापुढें ठेविलें. सात दिवस, सहा रात्री. पांचव्या दिवसाच्या रकान्यांत एवढाच मजकूर होता: "पहाटे ४ वाजतां प्रस्थान, अबू सिंबेल दर्शन, दुपारच्या जेवणास अस्वान येथें परत."

या 'दर्शना'चा हिशेब वाचकांनीं आमच्याबरोबर करून पाहावा. अबू सिंबेल अस्वानच्या दक्षिणेस सुमारें २८० किलोमीटरांवर, सुदानच्या सरहद्दीजवळ आहे. वाळवंटांतल्या रस्त्यानें जावयास तीन-साडेतीन तास, यावयास तितकेच. मध्यें उरतात दीड-दोन तास. त्यांतून तिकिटाची रांग, वाटाड्याचें व्याख्यान आणि छायाचित्रें वजा केलीं म्हणजे मंदिराच्या वाट्यास काय राहतें? शिवाय सर्वच मोटारी एका वेळीं निघतात, म्हणून सर्वच एका वेळीं पोहोंचतात. सकाळीं त्या गाभाऱ्यांत खांद्यास खांदा लागतो, आणि दुपारीं तेंच पटांगण ओस पडतें. सात तास मोटारींत बसून पाऊण तास पाहिलेल्या वस्तूस 'पाहिली' म्हणावयाचें असेल, तर रेल्वेच्या खिडकींतून दिसलेलें प्रत्येक गांव आपण पाहिलेंच आहे!

बरें, जी वस्तु पाहावयाची ती पाऊण तासांत उरकण्याजोगी आहे काय? दुसऱ्या रामसेसनें सव्वातीन हजार वर्षांपूर्वीं डोंगर कोरून हीं दोन मंदिरें केलीं. दारापुढें त्याच्या स्वतःच्या चार बैठ्या मूर्ति, प्रत्येक सुमारें वीस मीटर उंच. त्यांपैकीं एकीचा वरचा भाग प्राचीन काळींच भूकंपानें कोसळून पायांशीं पडला, तो अजून तसाच आहे. एका मूर्तीच्या पायावर इ. स. पूर्व ५९० च्या सुमारास फौजेबरोबर आलेल्या भाडोत्री ग्रीक शिपायांनीं आपलीं नांवें खोदलीं आहेत. (भिंतींवर नांवें लिहिण्याची खोड आजच्या सहलकऱ्यांनींच काढली, असें समजणाऱ्यांनीं हें अवश्य पाहावें.) आंत कादेशच्या लढाईचें चित्र भिंतभर पसरलें आहे. लढाई वस्तुतः बरोबरींत सुटली, परंतु भिंतीवर राजा एकटाच जिंकतो आहे. ही राजेलोकांची थाप समजून घ्यावयाची तर त्या भिंतीपुढें निवांत उभें राहावें लागतें. शेजारच्या लहान मंदिराच्या दर्शनी भागावर राणी नेफरतारीची मूर्ति राजाच्या मूर्तीएवढीच उंच आहे. मिसरी शिल्पांत राणी बहुधा राजाच्या गुडघ्याशीं उभी असते. येथें ती बरोबरीनें उभी आहे. हें कोणी सांगितल्यावांचून आपल्या डोळ्यांस दिसावें, एवढा तरी अवधि नको काय?

याहून मोठी गोष्ट पत्रकांत कधींच नसते. हीं मंदिरें आज जेथें आहेत तेथें तीं कोरलेलीं नव्हतीं. अस्वानच्या मोठ्या धरणाचें पाणी चढणार म्हणून १९६० सालीं युनेस्कोनें जगास हांक दिली. १९६४ ते १९६८ या काळांत दोन्ही मंदिरें करवतीनें हजाराहून अधिक तुकड्यांत कापून ६५ मीटर वर व सुमारें २०० मीटर मागें पुन्हां उभारण्यांत आलीं. पाठीमागचा डोंगर कृत्रिम असून त्याच्या पोटांत कॉंक्रीटचा घुमट आहे. हा पराक्रम निःसंशय थोर होय.

पण दगड वांचले; माणसांचें काय झालें? १९६३-६४ मध्यें मिसरच्या हद्दींतील सुमारें पन्नास हजार नुबियन लोकांस कोम ओंबोजवळच्या नव्या वसाहतींत हलविण्यांत आलें, आणि सुदानांतील वादी हल्फाच्या बाजूच्या जवळजवळ तितक्याच लोकांस दूर अतबारा नदीकडे. पिढ्यान्पिढ्या नाईलच्या काठीं राहिलेल्या लोकांस नदीपासून दूर घरें मिळालीं; त्यांचीं गांवें, खजुरीचीं झाडें व वाडवडिलांचीं थडगीं पाण्याखालीं गेलीं. त्याच प्रदेशांतील देबोदचें मंदिर माद्रिदला गेलें, देंदूरचें न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत गेलें, आणि तेथें त्यांची उत्तम बडदास्त आहे. ज्यांच्या घरांत १९२१ सालच्या मुळशीच्या सत्याग्रहाची आठवण अजून आदरानें निघते, त्यांस धरणाखालीं गेलेल्या गांवाचें दुःख आम्हीं समजावून सांगावयास नको. मग त्यांनींच या काठावर येऊन त्या लोकांची चौकशी न करतां परतावें, हें आम्हांस खटकतें.

आमचें म्हणणें असें कीं, अबू सिंबेलला जावयाचें तर तेथें एक रात्र मुक्काम करावा. तें जमत नसेल तर खुशाल वगळावें. गांवांत उतरण्याच्या जागा आहेत, त्यांत नुबियन लोकांनीं चालविलेल्याही आहेत. तेथें खर्चिलेला पैसा तेथेंच राहतो. संध्याकाळीं मोटारी गेलेल्या असतात. सकाळीं पूर्वाभिमुख मूर्तींवर पहिलें ऊन पडतें, तेव्हां अस्वानच्या मोटारी अजून रस्त्यांतच असतात. आदल्या दिवशीं अस्वानचें नुबियन संग्रहालय पाहिलें असेल तर बुडालेल्या गांवांचीं घरें कशीं होतीं हेंही ठाऊक झालेलें असतें.

यावर आक्षेप येतील. रजा थोडी, पैसा मोजका, बरोबर म्हातारीं माणसें! आम्ही विचारतों, म्हाताऱ्या माणसांस पहाटे तीनला उठवून सात तास हालविणें हा सुखाचा मार्ग झाला काय? पायांस त्रास असेल तर अस्वानहून विमान आहे. पाऊण तासांत पोहोंचतें. कांहीं उत्साही मंडळी याच्या उलट टोंकास जातात आणि २२ फेब्रुवारी किंवा २२ ऑक्टोबर हाच दिवस धरून बसतात, कारण त्या पहाटे सूर्यकिरण थेट गाभाऱ्यांतील मूर्तींवर पडतात. त्या दिवशीं हजारों लोक लोटतात व प्रत्येकास आंत क्षणभरच फिरकूं देतात. चार मूर्तींपैकीं प्ताह देव तेव्हांही अंधारांतच राहतो. त्याच्या रांगेंत उभें राहण्याची आम्हांस तरी हौस नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतील कोणताही साधा दिवस याहून बरा. उन्हाळा मात्र टाळावा. पारा चाळिशीवर सहज चढतो.

सफरींत थालीपीठ मिळतें म्हणून हंसणारे लोकही आहेत. त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. थालीपीठ खाऊन मंदिर चांगलें पाहतां येतें. वेळ नसतांना मात्र कांहींच पाहतां येत नाहीं.

स्नेह्यांनीं विचारलें, "मग वगळावें काय?" त्यांच्या पत्रकांत तिसऱ्या दिवशीं अत्तराच्या व पपायरसच्या दुकानांसाठीं अर्धा दिवस, आणि सहाव्या दिवशीं 'खरेदीस मोकळीक' म्हणून आणखी अर्धा दिवस राखून ठेविलेला होता. ते दोन्ही आम्हीं पेन्सिलीनें खोडून दाखविले. स्नेही थोडा वेळ पत्रकाकडे पाहत राहिले, आणि "घरांत विचारून सांगतों" म्हणाले.